पद तोंडी, किल्ली लेखी

आमच्या संस्थेत कुठलंही नवं काम निघालं की अण्णा आधी एकच प्रश्न विचारतात, "यादी कोण करणार?" मग बैठकीतले सगळे माझ्याकडे बघतात. मी वही उघडते. असं किती वर्षं चाललंय ते मोजायचं मी सोडून दिलंय.

संस्था म्हणजे विनाअनुदानित शाळांची. मुख्य कार्यालय नांदेडला, शाळा नांदेड, मुदखेड आणि मुखेडला, लातूरला कॉलेज आणि वसतिगृह. मी नांदेडच्या कार्यालयात आस्थापना बघते. कोण कधी लागलं, कोणाची बदली झाली, कोण रजेवर आहे, कोण निवृत्त होतंय, हे सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. अण्णा संस्थेचे सचिव. त्यांची लातूरच्या मोंढ्यात आडत होती. ती मुलांकडे सोपवून ते शिक्षणात आले, पण कपाळावरची विभूती आणि बोलण्यातली आडत दोन्ही तशीच राहिली. कागद हातात आला की ते धान्याचा नमुना बघावा तसा आधी लांब धरून बघतात.

यावेळी काम निघालं ते कर्मचाऱ्यांची सगळी माहिती कॉम्प्युटरवर आणायचं. लातूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला ते दिलं. कंपनी म्हणजे ट्युशन क्लासच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर फिजिक्स ऐकू यायचं. तिथली प्रोग्रामर रेणापूरची, तिशीतली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, कोड नंतर. आधी चित्र काढायचं. चित्र चुकलं की पुढचं सगळं चुकतंय."

मला वाटलं, चित्र काय, तासाभराचं काम. त्या चित्रात एका उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं वर्ष गेलं.

चित्र दिसायला सोपं. ज्याची माहिती ठेवायची त्याचा एक चौकोन: कर्मचारी, पद, शाळा, रजा. दोन चौकोनांचं नातं असेल तर मधे रेघ. खरी गंमत रेघेच्या टोकाला. तिथं उभी दांडी काढली तर एकच. तीन फाटे काढले तर अनेक. त्याला मी पहिल्या दिवसापासून कावळ्याचा पाय म्हणू लागले. आणि बारीक गोल काढला तर 'नसलं तरी चालेल'. एवढीच बाराखडी. पण प्रत्येक टोकाला ठरवावं लागतं: एक का अनेक, हवंच का नसलं तरी चालेल. आमच्या संस्थेत या दोन प्रश्नांची उत्तरं कुणी कधी दिलेली नव्हती.

"प्रत्येक माणूस ओळखायला एकमेव असं काहीतरी लागतंय," ती म्हणाली. "नाव आणि जन्मतारीख धरू का?"

"तुझी जन्मतारीख काय?"

"एक जून."

"खरी?"

ती हसली. "खरी कुणाला ठाऊक? आई म्हणती, पोळ्याच्या आसपास."

"माझीपण एक जून. आमच्याकडे निम्म्या लोकांची एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. मुदखेडला दोन शिपाई आहेत, नाव तेच, बापाचं नाव तेच, तारीख तीच. पगारपत्रकावर एकाला थोरला आणि एकाला धाकटा लिहावं लागतं."

"मग नंबर देऊ प्रत्येकाला."

"दे. आणि लक्षात ठेव, एकतीस मेला आमच्याकडे निवृत्तीची रांग लागते."

अशा गोष्टी सुटत गेल्या. अडलं ते एका रेघेवर.

तिनं कर्मचारी आणि पद या चौकोनांच्या मधे रेघ काढली. दोन्ही टोकांना उभ्या दांड्या. एका माणसाला एक पद, एका पदावर एक माणूस. त्या नेमणुकीला आदेश क्रमांक हवाच, तारीख हवीच. कागदावर बघायला फार सुरेख दिसत होतं. मी चष्मा काढून पुसला, पिशवीतून माझी अपवादांची यादी काढली आणि वाचायला लागले. मुदखेडला शिपाई म्हणून नेमलेला माणूस प्रयोगशाळा सांभाळतो. लातूरचे ग्रंथपाल वसतिगृहाचे रेक्टर आहेत, पुस्तकांच्या खोलीला कुलूप असतं. आणि मुख्याध्यापक म्हणाल तर एकाही शाळेला नाही. सगळे प्रभारी.

"प्रभारी म्हणजे थोड्या दिवसांपुरता ना?" तिनं विचारलं.

"कागदावर तसंच आहे."

कारण असं की नांदेडच्या शाळेत दोन शिक्षकांचा ज्येष्ठतेवरून वाद आहे. आधी कोण लागलं, कोणाची पदवी आधीची, कोणाची सेवा मधे खंडित धरायची. तो वाद मिटत नाही तोवर सगळ्या शाळांची मिळून असलेली ज्येष्ठता यादी पक्की होत नाही. यादी पक्की होत नाही तोवर कुणाला बढती देता येत नाही. दिली तर दोघांपैकी एक कोर्टात जाणार. म्हणून अण्णांनी सोपा मार्ग काढला. जागा रिकामी झाली की त्या शाळेतल्या एका जबाबदार माणसाला फोन करायचा आणि म्हणायचं, "आठ-पंधरा दिवस बगा तेवढं." आदेश नाही, कागद नाही. मीसुद्धा अशीच कार्यालयाची प्रभारी अधीक्षक आहे. मला आलेल्या फोननंतरच्या आठ-पंधरा दिवसांत माझी मुलगी इंजिनिअर होऊन बंगलोरला गेली.

पण माझं राहू दे. ही गोष्ट मुखेडच्या मोठ्या बाईंची आहे.

माहिती पडताळायला मला प्रत्येक शाळेत जावं लागायचं. मुखेडला गेले तो बाजाराचा दिवस होता. एसटीत कोंबड्या, मिरच्यांची पोती आणि मी. शाळेत पोचेपर्यंत पाठ बोलायला लागली होती. मोठ्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा, आणि मग सगळ्या शिक्षकांचे कागद नावाच्या अनुक्रमाने लावून माझ्यासमोर ठेवले. हे असं काम बघितलं की माझा अर्धा शीण जातो. बाकी शाळांत मला कपाटाच्या वरून कागद झटकून घ्यावे लागले होते.

त्या विज्ञान शिकवतात. नेमणूक सहशिक्षिका म्हणून. मुलं मात्र मोठ्या बाई म्हणतात, मुलांमुळे पालक म्हणतात, पालकांमुळे गाव म्हणतं. आम्ही त्यांना कार्यालयातही मोठ्या बाईच म्हणतो, फक्त लिहीत नाही.

कागद झाल्यावर त्यांनी मला त्यांच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीकडे बघायला सांगितलं. तिथं लाकडी पाटी होती, बहुतेक शाळांच्या ऑफिसात असते तशी. वर 'मुख्याध्यापकांची नावे व कार्यकाल', खाली पिवळ्या रंगात नावं, समोर कधीपासून कधीपर्यंत. शेवटचं नाव जुन्या सरांचं. त्यांच्यापुढचं 'पर्यंत' भरलेलं. त्याखाली नुसतं लाकूड.

"बघितलं का ताई? या पाटीवर शाळा बंद पडलीय," त्या म्हणाल्या. "सरांच्या मागं इथं कुणी आलंच नाही."

"तुम्हाला चार्ज मिळाला तेव्हा..."

"चार्ज कुठला? मी भेंड्या निवडत होते बाजारात. अण्णांचा फोन आला. 'बाई, सर चाललेत, आठ-पंधरा दिवस बगा तेवढं.' तेव्हा ज्या पोरीला मी पाचवीत दाखल करून घेतलं, ती परवा बी.एड. होऊन माझ्याकडंच नोकरीचा अर्ज घेऊन आली. मी म्हटलं, बस गं बाई, माझे पंधरा दिवस अजून संपले नाहीत."

आम्ही दोघी हसलो. मग मी विचारलं, "कागद काहीच दिला नाही?"

"पदाचा नाही. किल्ल्यांचा दिला. सर जाताना गोल शिक्का आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. तुमच्या संस्थेचा न्यायच तसा. पद तोंडी, किल्ली लेखी."

तेव्हा मी ते वाक्य टोमणा म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यांची निवृत्ती येत्या एकतीस मेला होती. अर्थात त्यांचीही एक जून. त्या म्हणाल्या, "ताई, मला पगारातला फरक नको, वरची श्रेणी नको. अर्ज करणार नाही, कोर्टात तर बिलकुल जाणार नाही. फक्त या पाटीवर नाव पाहिजे. गाव म्हणतंय मोठ्या बाई, अन् पाटी म्हणती कुणी नव्हतंच. मी गेल्यावर पाटीच राहणार ना इथं? मग खरं कुणाचं धरतील?"

"रंगाऱ्याला बोलावून लिहून घ्यायचं होतं."

"माझं नाव मीच? शोभतंय का?"

शोभत नव्हतं, हे मलाही कळत होतं. आणि आता रंगाऱ्यालाही बोलावता येणार नव्हतं. अण्णांनी ठरवलं होतं की सगळ्या शाळांतल्या पाट्या एकसारख्या करायच्या, आणि नावं नव्या सिस्टीममधून निघतील तीच टाकायची. म्हणजे चित्रात जागा नसेल तर पाटीवरही नाही. मी वहीत लिहिलं: 'मुखेड, पाटी.' आणि शब्द दिला नाही. शब्द देण्याइतकं माझ्या हातात काही नसतं.

पुढच्या लातूर फेरीत मी प्रोग्रामरला नवा चौकोन काढायला लावला. कार्यभार. पद ज्याचं त्याच्याकडे राहू दे, पण प्रत्यक्षात काम कोण करतंय, कधीपासून, कधीपर्यंत, ते या चौकोनात. आदेश क्रमांकाच्या टोकाला बारीक गोल, असला तर असला. तिनं काढलं, आणि ग्रंथपाल-रेक्टर, शिपाई-प्रयोगशाळा, सगळी यादी त्यात अलगद बसली. खाली कुणीतरी न्यूटनचा तिसरा नियम ओरडून सांगत होतं. परतीच्या गाडीत मला जागा मिळाली आणि अहमदपूरपर्यंत गाढ झोप लागली. त्या वर्षातली ती एकच चांगली झोप आठवते.

नांदेडच्या बैठकीत चित्र मोठ्या कागदावर छापून टेबलावर पसरलं होतं. वीज गेलेली, कूलर बंद. अण्णांनी कागद लांब धरला, मग जवळ आणला आणि बोट बरोबर त्या चौकोनावर ठेवलं.

"हे काय हाय?"

"कार्यभार, अण्णा. पद वेगळं, काम वेगळं. कोण काय बघतंय ते..."

"कोण काय बघतंय ते मला म्हाईत हाय. हितं गोल कशाचा?"

"आदेश क्रमांक नसला तरी चालेल, असा त्याचा अर्थ."

"बाई, त्याच गोलातून साप निघतोय." त्यांनी कागद खाली ठेवला. "आज मुखेडला प्रभारी लिव्हलं, की उद्या नांदेडचे दोघं मला इचारतेत, हिला कुठल्या यादीनं दिलं? हिचा नंबर कितवा? मग एक इकडून खेचतंय, एक तिकडून. शाळा ऱ्हायली बाजूला."

"पण काम तर त्या करतायत ना?"

"लई चांगलं करून राहिल्यात. मी कुटं न्हाई म्हणलो? चारचौघांत सांगतो. पण लिहायचं न्हाई."

त्यांनी लाल पेन घेतलं आणि चौकोनावर फुली मारली. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खोटं बोलत नव्हते. नांदेडचे ते दोघं शिक्षक माझ्याच टेबलासमोर येऊन बसतात. लिहिलेला एकेक शब्द ते कसा धरतात ते मी बघितलंय. शिवाय त्या दुपारी माझं डोकं इतकं ठणकत होतं की वाद घालायचा तर आधी गोळी घ्यावी लागली असती.

संध्याकाळी मुखेडला फोन केला. काय झालं ते सरळ सांगितलं.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. मागून त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. "तुम्ही कशाला जीव जाळून घेता ताई? पाटीचं लाकूड सागवानी आहे. कोरं ठेवलं तरी टिकतं."

फोन ठेवला. वहीतल्या 'मुखेड, पाटी' पुढे मी फुली मारायला गेले आणि तशीच सोडली. माझ्या यादीत एकतर काम झाल्याची खूण असते, नाहीतर नाही झाल्याची. अर्धवट सोडलेली ओळ मला रोज टोचते. तरी सोडली.

मग नुसते खेपांचे महिने. नांदेड ते लातूर, लातूर ते नांदेड, मधे मुदखेड. रजेचा चौकोन, रजेच्या प्रकाराचा चौकोन, वारसाचा चौकोन. मानेला पट्टा लागला. घरचे म्हणायचे, सोडून दे, दुसरं कुणी करेल. दुसरं कुणी म्हणजे कोण, हे त्यांनाही माहीत होतं.

दिवाळीनंतर मुदखेडच्या शाळेतली शिडी हरवली. ॲल्युमिनियमची, मोठी, पाण्याच्या टाकीवर चढायची. कुणी म्हणे मंडपवाल्यानं नेली, कुणी म्हणे रंगकामवाल्यानं. शिडी कुणाच्या ताब्यात होती, हे कुणीच सांगेना. अण्णांना तो प्रकार फार लागला.

"आडतीवर होतो तवा कोणता काटा, कोणतं वजन कुणाकडं हाय, ते मला डोळे मिटून सांगता यायचं," ते भर बैठकीत म्हणाले. "अन् हितं येवढी दोन पुरुष उंचीची शिडी, तिला धनीच न्हाई! बाई, तुमच्या त्या चित्रात माणसं लई झाली. आता सामान घाला. प्रत्येक वस्तूला एक माणूस बांधा."

"घालते," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, आणखी एक यादी.

ती यादी करायला बसले. आमच्याकडे एकाकडून दुसऱ्याकडे काम जातं तेव्हा वस्तू देता-घेतानाची यादी करायची जुनी रीत आहे. तिच्यात सुरुवातीला नेहमी त्याच दोन गोष्टी असतात, म्हणून मीही त्याच आधी लिहिल्या. गोल शिक्का. किल्ल्यांचा जुडगा. तिसरं, कपाट, असं लिहिताना पेन थांबलं आणि मला मोठ्या बाईंचा तो टोमणा आठवला. त्यानंतर मी बाकीचं सामान लिहून काढलं, बाकं, फळे, सूक्ष्मदर्शक, शिडी, पण लक्ष पहिल्या ओळीवरच राहिलं.

लातूरला प्रोग्रामर चित्र काढत होती, मी सांगत होते. वस्तू एक चौकोन. कर्मचारी आहेच. एक वस्तू एका वेळी एकाच्याच ताब्यात, पण वर्षानुवर्षांत अनेकांच्या. म्हणून मधे एक चौकोन हवा: ताबा. कधीपासून, कधीपर्यंत, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. दोन्ही बाजूंना कावळ्याचे पाय.

ती मागे सरकून स्क्रीनकडे बघत राहिली.

"मॅडम, हा तर तोच चौकोन हाय. अण्णांनी खोडलेला."

"हो."

"फक्त आदेश क्रमांक न्हाई."

"लागतच नाही. किल्ली द्यायला आदेश कुठं लागतो?"

"हाव, पण अण्णांना कळंल ना?"

"मीच सांगणार आहे. लपवून काही घालायचं नाही." लपवलेलं पुढे माझ्याच टेबलावर येतं, हा अनुभव. तत्त्व वगैरे काही नव्हतं.

बैठकीत यावेळी थंडी होती, वीजही होती. अण्णांनी कागद लांब धरला. मी बाकीचं सांगून झाल्यावर म्हटलं, "अण्णा, वस्तूंमध्ये शाळेचा गोल शिक्काही धरलाय. कुणाकडे होता, कधीपासून कधीपर्यंत, ते शाळेच्या रिपोर्टात छापून येईल. आत्तापर्यंतच्या दोन्ही सह्यांच्या याद्या आहेत, त्यावरून मागचंही भरता येईल."

अण्णांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला, टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. नांदेडचे दोघं काय म्हणतील याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चाललेला मला दिसत होता. शिक्का जवळ ठेवला म्हणून कोण ज्येष्ठ होतं? शिक्का कनिष्ठाकडेही असू शकतो, शिपायाकडेही असू शकतो. त्यावरून कोर्टात काय मागणार?

"शिक्का वस्तूच हाय," ते शेवटी म्हणाले. "हरवला तर लई घोटाळा. धरा."

आणि सही केली. त्यांना किती कळलं होतं, हे मी विचारलं नाही. उभा जन्म पोत्यात परखी खुपसून आतलं धान्य ओळखण्यात गेलेला माणूस. मला वाटतं सगळंच कळलं होतं.

उरलेला हिवाळा मागची माहिती भरण्यात गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डोळ्यांचा नंबर वाढला.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुखेडला पोचले तेव्हा ऊन असं होतं की एसटीच्या खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. सुट्टीमुळे शाळेत मुलं नाहीत, व्हरांड्यात फक्त शिक्षक आणि गावातले काही जुने पालक. निरोपाचा कार्यक्रम छोटासा. अण्णा आले होते. शाल, श्रीफळ, भाषणं. अण्णा खरोखरच चारचौघांत म्हणाले की या बाईंनी शाळा उभी केली. कुठल्या पदावरून, ते बोलले नाहीत.

मग ऑफिसात शिक्का द्यायचा-घ्यायचा कार्यक्रम झाला. मागचं भरून झाल्यावर नव्या सिस्टीममध्ये जागेवर केलेली मुखेडची ती पहिलीच नोंद. शिक्का घेणारे गणिताचे सर, चाळिशीतले. त्यांनाही आठवड्यापूर्वी फोन आला होता. मी विचारलं, "काय म्हणाले अण्णा?"

ते हळूच म्हणाले, "आठ-पंधरा दिवस बगा तेवढं."

मोठ्या बाईंनी पर्समधून शिक्का काढला. त्याला त्यांनी जुन्या साडीच्या काठाची छोटी थैली शिवली होती. थैलीसकट दिला. दोघांनी सह्या केल्या, मी तारीख भरली आणि रिपोर्ट छापला. शाळेचा गोल शिक्का: एका ओळीत जुने सर, दुसऱ्या ओळीत मोठ्या बाईंचं पूर्ण नाव, कधीपासून, कधीपर्यंत. दोन्ही रकाने भरलेले.

मी तो कागद त्यांना द्यायला वळले तर सगळे शिक्षक भिंतीपाशी गोळा झाले होते. जुन्या पाटीच्या खाली, जुन्याच मापाची, एक दुसरी पाटी लावलेली होती आणि तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. रिपोर्ट निरोपाच्या दिवशी निघणार, असं मी महिन्यापूर्वी या शिक्षकांना फोनवर सांगितलं होतं. त्यात काय येणार तेही सांगितलं होतं. त्यांनी वर्गणी काढून बाजारातल्या रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली होती. वर्तमानपत्र काढलं. वर लिहिलं होतं, 'शाळेचा शिक्का यांनी सांभाळला'. खाली जुने सर, त्याखाली मोठ्या बाई. रंग तोच पिवळा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे अण्णांकडे बघत होते.

अण्णा खुर्चीतून उठले. पाटीजवळ गेले, मग दोन पावलं मागे आले, नेहमीसारखं लांबून बघितलं.

"हे कुणी लावलं?"

मी पुढे होऊन म्हटलं, "सिस्टीममधलंच आहे अण्णा. सामानाच्या रिपोर्टातलं. तुम्ही म्हणाला होता, सिस्टीममध्ये असेल तेच पाटीवर टाकायचं."

"म्हणलो होतो," ते म्हणाले. परत वाचलं. "मग शिडीची बी लावा एक मुदखेडला."

गणिताचे सर हसले, मग बाकीचे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मोठ्या बाईंकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "नाव नीट लिव्हलंय. काढू नका कुणी." आणि गाडीकडे गेले.

मोठ्या बाई पाटीसमोर उभ्या होत्या. मला वाटलं रडतील. त्यांनी पदरानं पाटीच्या कडेची धूळ पुसली. "शिक्का सांभाळला म्हणे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी शाळेची किल्लीवालीच की. असू दे ताई. खोटं तर नाही लिहिलेलं." मग मागे वळून त्यांनी शिपायाला चहाचं विचारलं, आणि लगेच गप्प झाल्या, कारण ते विचारायचं काम आता गणिताच्या सरांचं होतं. सरांनी ते ओळखून मोठ्यानं सांगितलं, "आधी मोठ्या बाईंना द्या."

निघताना सरांनी मला दाराशी गाठलं. रंगाऱ्यानं पाटीवर खाली बरीच जागा सोडली होती. "मॅडम, माझं नाव कधी येईल त्यात?"

"शिक्का सोडाल तेव्हा."

त्यांनी थैलीकडे बघितलं आणि ती खिशात ठेवली.

परतीच्या गाडीत खिडकीतून झळा आत येत होत्या. मी वही काढली आणि 'मुखेड, पाटी' पुढे झाल्याची खूण केली. खूण करून समाधान वाटेल असं वाटलं होतं. पाठ दुखत होती, एवढंच जाणवलं. मग दुसऱ्या दिवसाची यादी लिहायला घेतली. मुदखेड, शिडी नवी घेणे. लातूर, वसतिगृहाची भांडी, ताबा ठरवणे. नांदेड, कार्यालयातलं लोखंडी कपाट. त्याची किल्ली मिळाल्याची सही करून मी अधीक्षकांच्या खुर्चीवर बसले होते. ती नोंद अजून भरलेली नव्हती. ती ओळ मी खोडून परत सगळ्यांत वर लिहिली.